घेतलं काहीच नाही, तरी कार्डावर खरेदी झाल्याचे मेल येतात: कारण कसं शोधायचं

‘आपल्या कार्डावरून रु. 1,499.00 ची खरेदी झाली आहे.’ असा मेल आला की बहुतेक जण तोच मेल चारदा वाचतात, त्यातल्या लिंकवर बोट ठेवतात किंवा त्यातल्या नंबरवर फोन लावतात. आधी मेल बंद करा आणि खातं उघडा. डेबिट कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधलं मिनी स्टेटमेंट बघा, क्रेडिट कार्ड असेल तर ‘अनबिल्ड ट्रान्झॅक्शन्स’, म्हणजे बिलात अजून न आलेले व्यवहार. अ‍ॅप नसेल तर एटीएमवर मिनी स्टेटमेंट काढा किंवा शाखेतल्या मशीनवर पासबुक छापून घ्या. अ‍ॅप नेहमीच्याच जागेवरून उघडायचं, मेलमधून नाही.

खात्यात त्या रकमेची नोंद आहे की नाही, एवढ्यावरून पुढचा रस्ता ठरतो. नोंद नसेल तर मेल बनावट आहे, दुसऱ्याचा आहे किंवा तुमच्याच दुसऱ्या कार्डाचा आहे. नोंद असेल तर ती विसरलेली खरेदी असते, नाहीतर चोरी. पैसे गेलेले दिसत असतील आणि घरात कोणीच खर्च केलेले नसतील, तर मधलं सगळं सोडून ‘व्यवहार खरा, पण आपला नाही’ हा भाग आधी वाचा. तिथे वेळेला किंमत आहे.

कार्ड नेमकं कोणाचं?

आपल्याकडे एक गोष्ट घरोघरी दिसते. आबांचं खातं, काकांचं खातं, आजीचं पेन्शनचं खातं, आणि बँकेच्या फॉर्मवर ई-मेल मात्र सगळीकडे पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा. मग रावेरला आबांनी खताच्या दुकानात कार्ड घासलं की मेल येतो कोथरूडला, आणि मुलगा घाबरून स्वतःचं कार्ड ब्लॉक करून बसतो. मेलमध्ये कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात. ते घरातल्या प्रत्येक कार्डाशी ताडून बघा. अ‍ॅड-ऑन (मुख्य कार्डावर घरच्यांना मिळणाऱ्या जादा) कार्डाचे आकडे काही बँकांत मुख्य कार्डापेक्षा वेगळे असतात आणि त्याचे मेल मुख्य कार्डधारकाला जातात, हेही लक्षात असू द्या.

याच्या उलटही होतं. खातं उघडताना किंवा अर्ज भरताना ई-सेवा केंद्रवाल्याने वेळ वाचवायला स्वतःचाच ई-मेल टाकलेला असतो. तुमच्या खरेदीचे मेल त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला काहीच येत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘प्रोफाइल’ उघडून नोंदलेला ई-मेल आणि मोबाइल एकदा बघून घ्या. चुकीचा असेल तर शाखेत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

नोंद आहे, रक्कमही खरी, पण दुकान ओळखीचं नाही

मेलमध्ये दुकानाच्या पाटीवरचं नाव क्वचितच येतं. स्वाइप मशीन ज्या फर्मच्या नावाने नोंदलेलं असतं ते नाव येतं. आखाजीला सराफाकडे कार्ड घासलं आणि मेलमध्ये भलत्याच एंटरप्रायझेसचं नाव आलं, तर ते मालकाच्या दुसऱ्या फर्मचं मशीन असू शकतं. पेट्रोल पंपांचंही असंच. गावही चुकू शकतं. धुळ्याच्या दुकानातल्या खरेदीसमोर मुंबई दिसते, कारण कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय तिथे असतं.

ऑनलाइन खरेदीत नावाच्या मध्ये बऱ्याचदा फुली (*) असते. फुलीच्या डावीकडचं नाव पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचं, म्हणजे रेझरपे, पेयू वगैरे, आणि उजवीकडचं खऱ्या विक्रेत्याचं. डावीकडे गूगल असेल तर उजवीकडे त्या अ‍ॅपचं किंवा ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. नाव अर्धवट कापलेलं असेल तर जेवढं दिसतं तेवढं स्वतःच्या मेलबॉक्समध्ये शोधा. त्याच रकमेची पावती सापडली की प्रश्न मिटला.

मग वेळ बघा. परदेशी कंपन्यांचे मेल जीएमटी किंवा यूटीसी वेळ लिहितात. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास. समजा मेलमध्ये 14 तारीख, 18:52 यूटीसी लिहिलंय. म्हणजे आपल्याकडे 15 तारखेची रात्री 12 वाजून 22 मिनिटं. ‘14 ला संध्याकाळी तर मी शेतात होतो’ ही तक्रार इथेच संपते, कारण खरेदी 15 ला मध्यरात्री झाली. त्या वेळी घरात कोण जागं होतं आणि कोणाच्या हातात फोन होता, ते विचारा.

रक्कम जुळत नसेल तरी लगेच घाबरू नका. परदेशी चलनातल्या खरेदीत मेलवर त्या क्षणाचा अंदाजी दर असतो आणि हिशोब नंतरच्या दराने होतो. त्यावर बँकेचं मार्क-अप (परदेशी चलनासाठीचा जादा आकार), साधारण 2 ते 3.5 टक्के, आणि त्या मार्क-अपवर 18 टक्के जीएसटी लागतो. पेट्रोलवर सरचार्ज वेगळ्या ओळीत येतो. 1 किंवा 2 रुपयांची खरेदी दिसत असेल आणि त्याच दिवशी कुठल्या अ‍ॅपमध्ये कार्ड जोडलं असेल, तर ती कार्ड चालू आहे का याची तपासणी असते आणि ती रक्कम परत येते. कोणी कार्ड जोडलंच नसेल तर मात्र तीच 2 रुपयांची नोंद सगळ्यात वाईट खूण आहे. त्याचं पुढे येईल.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय 2022 पासून आहे. ज्यांनी जोडलं त्यांना शेव-भाजीच्या प्लेटचेही क्रेडिट कार्डाचे मेल येतात. ‘कार्ड तर कपाटात आहे’ असं म्हणण्याआधी यूपीआय अ‍ॅपमध्ये कुठलं खातं डीफॉल्ट आहे ते बघा.

रेल्वेचं तिकीट काढताना पैसे कटले आणि तिकीट झालंच नाही, तर खरेदीचा मेल येतो पण पीएनआर येत नाही. याला चोरी म्हणून तक्रार करू नका, उलट वेळ जातो. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार कार्डाचे पैसे गेले आणि विक्रेत्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. ती मागायला लागू नये असं नियम म्हणतो, पण मागून ठेवलेली बरी.

दर महिन्याला तोच मेल

‘उद्या आपल्या कार्डावरून 199 रुपये वजा होतील’ असा मेल ठरावीक तारखेला येत असेल, तर तो ई-मँडेट आहे, म्हणजे आपोआप पैसे कापण्याची तुम्ही कधीतरी दिलेली परवानगी. ओटीटी, क्लाउड स्टोरेज, मुलांचं अभ्यासाचं अ‍ॅप, ‘पहिला महिना 1 रुपया’ अशी योजना, यांतलं काहीतरी असतं. पहिल्यांदा जो ओटीपी टाकला तीच ही परवानगी होती. ऑक्टोबर 2021 पासून बँकेला पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी हे कळवावं लागतं: कोण कापणार, किती, कधी, आणि मँडेटचा क्रमांक काय. 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी लागत नाही. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा 1 लाख आहे. ‘ओटीपी आला नाही तरी पैसे गेले’ या तक्रारींत हे कारण फार निघतं.

अशा आगाऊ सूचनेच्या मेलने अजून पैसे गेलेले नसतात, हे नीट वाचा. बंद करायला एक दिवस हातात असतो.

बंद करताना दोन टोकं असतात आणि दोन्ही सोडवावी लागतात. पहिलं बँकेचं: अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या सेवांत ‘मँडेट’, ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘ऑटो-पे’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, तिथे तो क्रमांक शोधून रद्द करा. ओटीपी येईल, टाका. दुसरं टोक विक्रेत्याचं, म्हणजे सबस्क्रिप्शन. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे तुमच्या चित्रावर बोट ठेवा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, मग ‘सबस्क्रिप्शन्स’. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर स्वतःचं नाव, त्यात ‘सबस्क्रिप्शन्स’. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, असं होत नाही. हप्ता चालूच राहतो. ज्या गूगल खात्यावर घेतलं तेच खातं वर निवडलेलं हवं. घरात एका फोनवर तीन खाती असतील तर यादी रिकामी दिसते आणि माणूस म्हणतो, ‘इथे तर काहीच नाही.’

फास्टॅगचं वेगळं आहे. शिल्लक कमी झाली की आपोआप भरण्याची सोय कार्डाला जोडली असेल, तर 2024 पासून तिच्यासाठी 24 तास आधीची सूचना लागत नाही, थेट पैसे गेल्याचा मेल येतो. गाडी मुंबई-आग्रा महामार्गावर किंवा सुरतच्या रस्त्याला वारंवार जात असेल तर एका आठवड्यात असे दोन-तीन मेल साहजिक आहेत. गाडी दारात उभी आणि टोल कटतोय, तर तक्रार कार्डाची नसून फास्टॅगची असते आणि ती टॅग देणाऱ्या बँकेकडे करायची.

मेल खरा, पण माल दुसऱ्याचा

‘पाटील’, ‘चौधरी’, ‘महाजन’, ‘सोनवणे’ अशी आडनावं आणि पुढे एक-दोन अक्षरं, एवढाच ई-मेल असेल तर हा त्रास ठरलेला. कोणीतरी फॉर्म भरताना आपल्या ई-मेलमधला एक आकडा विसरतो आणि त्याच्या ऑर्डरी, पावत्या, कधी कधी बँकेचे स्टेटमेंटही तुमच्याकडे येतात. जीमेल नावातला टिंब मोजत नाही. टिंब घालून लिहिलेला पत्ता आणि टिंबाशिवायचा पत्ता हे एकच खातं असतं, त्यामुळे ‘त्याचा पत्ता तर वेगळा दिसतोय’ असं वाटतं.

खूण सोपी आहे: नाव दुसऱ्याचं, कार्डाचे आकडे घरात कोणाचेच नाहीत, आणि खात्यात नोंद नाही. उपाय मात्र चुकीचे केले जातात. त्या मेलमधून पासवर्ड बदलून दुसऱ्याच्या खात्यात शिरून ऑर्डर रद्द करणं हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असो. कंपनीच्या वेबसाइटवरून ग्राहकसेवेला कळवा की हा ई-मेल तुमच्या ग्राहकाचा नाही. बँकेचा मेल असेल तर बँकेला कळवा. दोनदा कळवूनही येत राहिले तर त्या पत्त्यासाठी फिल्टर लावून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. स्पॅम म्हणून मारू नका, नाहीतर त्याच कंपनीचे तुमचे खरे मेलही स्पॅममध्ये जायला लागतील.

तुमचंच नाव, तुमचाच पत्ता, पण न घेतलेल्या क्रेडिट कार्डाचा मेल असेल तर प्रकरण गंभीर आहे. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांचा आणि कार्डांचा अहवाल, काढा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तिथे ते कार्ड दिसलं तर बँकेला लेखी द्या. न मागता कार्ड देण्यावर रिझर्व्ह बँकेची बंदी आहे आणि त्यावर शुल्क लावलं असेल तर ते रद्द करून त्याच्या दुप्पट दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो.

बनावट मेल कसा उघडा पडतो

बनावट मेलला तुमच्याकडून काहीतरी करवून घ्यायचं असतं, आणि तेही आत्ता. लिंक दाबा, फोन करा, फाइल उघडा. खऱ्या बँकेच्या सूचनेचा मजकूर त्यामानाने रुक्ष असतो.

पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, ते कोणीही काहीही लिहू शकतं. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा आणि ‘रिप्लाय-टू’ (उत्तर जिथे जाईल तो पत्ता) वेगळा आहे का ते बघा. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये ‘टू मी’ शेजारच्या बाणावर ‘व्ह्यू सिक्युरिटी डीटेल्स’ मिळतं. जास्त खोलात जायचं तर संगणकावर तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. सगळ्यात वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी असतात. मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का, याच्या त्या तपासण्या. बँकेच्या मेलला यांपैकी डीमार्कसमोर ‘फेल’ दिसलं की विषय संपला.

‘पास’ दिसलं म्हणून मात्र खरा समजू नका. ‘पास’चा अर्थ एवढाच की मेल त्या पत्त्याच्याच यंत्रणेतून निघाला. ठगाने स्वतःचा पत्ता रीतसर विकत घेतला असेल तर तोही पास होतो. शिवाय काही पेमेंट कंपन्यांच्या बिल पाठवण्याच्या सोयीचाच वापर करून ठग बिल पाठवतात. मेल त्या कंपनीचा अस्सल, पण बिल खोटं आणि खाली लिहिलेला ‘रद्द करण्यासाठी फोन करा’ हा नंबर ठगाचा.

लिंकचा पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचा शेवटचा तुकडा खरा. भारतीय बँकांच्या वेबसाइटी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. त्यामुळे शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ असायला हवा. ‘बँक डॉट इन’ मध्येच कुठेतरी घुसवून शेवटी ‘डॉट टॉप’ किंवा ‘डॉट शॉप’ असेल तर तो सापळा.

ठरलेला साचा असा: अँटिव्हायरसचं नूतनीकरण, रु. 39,999, सोबत पीडीएफ, ‘24 तासांत रद्द करा’. फोन लावला की समोरचा गोड हिंदीत ‘सर, रिफंड का फॉर्म भर देते हैं’ म्हणत एनीडेस्क किंवा क्विकसपोर्ट, म्हणजे दुरून फोन चालवण्याची सोय, घ्यायला लावतो. इथून पुढे तुमचा फोन त्याचा. दुसरा साचा एपीके फाइलचा, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये टाकायच्या प्रोग्रामचा. ती बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पण मेलमध्येही असते: केवायसी, वाहनाचं चलन किंवा पीएम किसानच्या नावाने. ती टाकली की ती तुमचे एसएमएस वाचून पुढे पाठवते. बँक एपीके कधीच पाठवत नाही. पीएम किसानवालेही नाही.

ज्या पतपेढीने तुमच्याकडून ई-मेल कधी मागितलाच नाही आणि जिचं कार्डच नाही, तिच्या नावाने कार्ड-खरेदीचा मेल आला तर तपासण्यात वेळ घालवू नका. काढून टाका.

व्यवहार खरा, पण आपला नाही

आता क्रम महत्त्वाचा आहे.

1. अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक करा. अ‍ॅप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधू नका, तिथे ठगांचे नंबर वर येतात. तक्रार क्रमांक लिहून घ्या, सोबत वेळही.
2. लगेच 1930 लावा, सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन, रात्रीही चालू. हाताशी ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक किंवा कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, जो आरआरएन म्हणून 12 आकडी असतो. पैसे पुढच्या खात्यातून उचलले जाण्याआधी ते गोठवणं हाच या फोनचा उद्देश, म्हणून शाखा उघडायची वाट बघू नका.
3. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा, पोच छापून घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही असाल तर जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते, जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलीस आहेत.
4. बँकेचा डिस्प्यूट फॉर्म (हा व्यवहार आपला नाही असं कळवण्याचा अर्ज) भरा. व्यवहार परदेशातला असेल तर तुम्ही देशात होतात हे दाखवायला पासपोर्टच्या पानांच्या प्रती मागतात. मूळ मेल काढून टाकू नका, तो कधी मिळाला यावरच दिवस मोजले जातात.

दिवसांचा हिशोब रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात आहे. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कोणाची, आणि तुम्ही 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. 4 ते 7 दिवसांत कळवलं तर बहुतेक बचत खात्यांना आणि 5 लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डांना जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत झळ, मूलभूत बचत खात्याला 5,000, मोठ्या मर्यादेच्या कार्डांना 25,000. सातच्या पुढे बँकेच्या धोरणावर. चूक बँकेची असेल तर तुम्ही कधी कळवलं याला महत्त्वच नाही.

दिवस मोजताना मेल मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि तुमच्या मूळ शाखेचं वेळापत्रक धरतात. मेल शुक्रवारी आला, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवार पहिला, बुधवार तिसरा. तेवढी सवलत आहे म्हणून वाट बघायची गरज नाही, पण शाखेत कोणी ‘उशीर झाला’ म्हणालं तर हे मोजून दाखवता येतं.

कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि 90 दिवसांत निकाल लावायचा असतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम आहे. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमच्या माथी, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी लगेच कळवा. क्रेडिट कार्डावर फसवणूक म्हणून वाद घातलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कसलाही आकार लावता येत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेत भरा, नाहीतर त्याचा दंड वेगळा.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार जाते. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. माहितीसाठी 14448. पतसंस्था या कक्षेत येत नाहीत, त्यांचं गाऱ्हाणं सहकार खात्याच्या निबंधकांकडे.

‘व्यवहार नाकारला’ असे मेल लोक हसून सोडून देतात, कारण पैसे गेलेले नसतात. मध्यरात्री परदेशी नावाने 1-2 डॉलरचे तीन-चार प्रयत्न नाकारलेले दिसले, तर कोणीतरी तुमचा कार्ड क्रमांक चालतो का ते बघतंय. वर सांगितलेली न जोडलेल्या कार्डाची 2 रुपयांची नोंद त्यातलीच. चालला की मोठी रक्कम. परदेशी वेबसाइट बऱ्याचदा ओटीपी मागत नाहीत, क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही पुरतो. असं कार्ड ब्लॉक करून नवीनच घ्या. आणि नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच ठेवा. ऑक्टोबर 2020 पासून ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शाशिवायचे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, मर्यादाही घालता येते. मुलगा परदेशात नसेल आणि तिकडच्या सेवा घ्यायच्या नसतील, तर ते बटण चालू ठेवायचं काही कारण नाही.

मेल आला, एसएमएस नाही

एसएमएस बँकेने पाठवायचाच असतो. तो न येता फक्त मेल येत असेल तर फोनकडे बघा. रेंज अचानक पूर्ण गेली आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या सिमला आहे, तर कोणीतरी तुमच्या नंबरचं सिम बदलून घेतल्याची शक्यता. दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला फोन करून विचारा. रेंज आहे पण बँकेचे एसएमएस दिसत नाहीत, तर अलीकडे टाकलेली एपीके आठवा, सेटिंग्जमध्ये एसएमएसची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे ते तपासा आणि कॉल फॉरवर्डिंग बंद आहे का बघा. फोन स्वच्छ होईपर्यंत त्यावरून पासवर्ड बदलू नका, नवीन पासवर्डही तिकडेच जाईल. दुसरं उपकरण वापरा.

उलट प्रकार: एसएमएस येतो, मेल येत नाही, किंवा दहा मिनिटांत शेकडो निरर्थक ‘वेलकम’ मेल येऊन आदळतात. हा खरेदीचा मेल गाडून टाकण्याचा डाव असतो. सगळे निवडून डिलीट करू नका. मेलबॉक्समध्ये ‘ऑर्डर’, ‘ओटीपी’, ‘रुपये’ आणि तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे शोधा. मग संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ हे दोन भाग उघडा. बँकेचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा किंवा अनोळखी पत्त्यावर पाठवणारा नियम तिथे दडलेला असेल तर तो काढा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि अनोळखी उपकरणं साइन-आउट करा.

कार्ड बदललं, तरी मेल चालूच

नवीन कार्ड आलं आणि तरी ‘व्यवहार नाकारला’ असे मेल महिन्याच्या त्याच तारखेला येत राहिले, तर शेवटचे चार आकडे बघा. ते जुन्या, बंद कार्डाचे असतील तर जुनं सबस्क्रिप्शन रिकाम्या दारावर टकटक करतंय. पैसे जात नाहीत, धोका नाही. ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारांना पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाच्या जागी वापरायचा दुसरा क्रमांक, असतो, आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये कुठल्या विक्रेत्याकडे तुमचं टोकन आहे त्याची यादी दिसते. तिथून ते काढा आणि विक्रेत्याकडचं सबस्क्रिप्शनही रद्द करा. आकडे नवीन कार्डाचे असतील आणि ते कार्ड अजून पाकिटातून काढलेलंही नसेल, तर वरच्या चार पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून. यावेळी बँकेला लेखी विचारा की क्रमांक बाहेर गेला कुठून.